आप्पांची किल्ली आणि न मेलेली घोरपड

आमच्या घरात माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खरी नाही. ती अशी की, नववीतल्या नंदाने डोकं लढवून एक खेळ रचला आणि एकमेकांशी अबोला धरलेल्या बापाला आणि चुलत्याला त्या खेळात बसवून एक केलं. ही गोष्ट आमच्या डिंगोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं लग्न होऊन मी लोणीला गेले, तर ती माझ्याआधी तिथे जाऊन बसली होती. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तू लई डोक्याची हाईस म्हनं." त्यानंतर लगेच माझी भाकरी तव्यावर करपली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं आश्चर्य मी अजून विसरलेले नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट कुणी सांगितली की खाली मान घालून गप्प बसते. लोकांना तो विनय वाटतो. खरं म्हणजे मला त्या दिवशी फक्त घोरपड मारायची होती.

तेव्हा आमचं घर एक होतं आणि चुली दोन होत्या. ओसरी एक, अंगण एक, तुळस एक, पण आत शिरलं की डावीकडे मोठ्या आईचा धूर आणि उजवीकडे आमच्या आईचा. मोठी आई म्हणजे आप्पांची बायको, आणि आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दोन्ही चुलींवर साधारण एकच भाजी शिजायची, कारण दोन्हीकडे एकाच शेतातली यायची. तरी संध्याकाळी एकमेकींकडे वाटी गेल्याशिवाय त्या दोघी जेवायला बसत नसत. मेथी इकडून तिकडे जायची आणि तीच मेथी तिकडून इकडे यायची. जावाजावांत अबोला नव्हताच. तो फक्त भावाभावांत होता आणि त्याचं कारण पेठला घडलं होतं. पेठला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. तिथे मांडवात मानाची माणसं माईकवरून पुकारताना त्या माईकवाल्याने दादांचं नाव आधी घेतलं आणि आप्पांचं नंतर. बस, एवढंच. जमिनीची वाटणी झाली तेव्हा शब्दाने शब्द वाढला नव्हता, बांध घातला तेव्हा दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी पिऊन घातला होता. आणि एका माईकने घात केला. जेवणाची पंगत बसायच्या आत आप्पा एस.टी. पकडून घरी आले होते, तेही उपाशी, आणि मला वाटतं त्या उपासाचाच राग जास्त असावा.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेतकऱ्याच्या घरातला अबोला पाहिलेला नाही. शेती असली की बोलावं लागतंच. ते दोघे फक्त एकमेकांशी बोलत नसत. आप्पा गोठ्यात यायचे आणि म्हशीला म्हणायचे, "आगं, त्याला सांग, खालच्या बांधाचं गवात लई माजलंय." दादा तिथेच दोन हात अंतरावर धार काढत असायचे. ते धार न थांबवता म्हणायचे, "म्हशे, सांग त्याला, उद्या काढतो." म्हैस दोघांकडे सारख्याच प्रेमाने बघत रवंथ करायची. ती म्हैस पुढे विकायची ठरली, तेव्हा मोठी आई म्हणाली होती, "इकू नका बाई, पोस्ट बंद पडंल."

शिवाय विहीर होती. विहीर दोघांत एक, मोटर एक, आणि पाळी ठरलेली. दोन दिवस आप्पांचे, दोन दिवस आमचे. पाळीचे नियम आमच्या आजोबांपासून चालत आलेले आणि कुठेही लिहिलेले नाहीत, त्यामुळे ते सगळ्यांना तोंडपाठ. आपल्या पाळीत लाईट गेली, डीपी जळली, पाइप फुटला, तरी पाळी गेली ती गेली. पुढच्याने थांबायचं नाही. देणाऱ्याने आपल्या मनाने दिली तर मात्र दुसऱ्याची पाळी घेता येते. ती देतानाही नुसतं बोलून चालत नाही. मोटरच्या स्टार्टरला लोखंडी पेटी होती, तिला कुलूप, आणि त्या कुलपाची एकच किल्ली. ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली. पाळी द्यायची म्हणजे चार माणसांदेखत किल्ली त्याच्यापुढे ठेवायची. एकदा ठेवली की परत मागायची नाही, आणि घेणाऱ्याने ती पाळी पुढेमागे फेडायची. हे सगळं मला आप्पांनीच विहिरीच्या कठड्यावर बसवून शिकवलं होतं, मी अगदी लहान असताना. आप्पा ती किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधायचे. दादांची पाळी आली की ते ती गोठ्यातल्या खुंटीला अडकवून जायचे आणि दादा तिथून उचलायचे. म्हणजे त्यातही म्हशीची साक्ष होतीच.

आता खेळाकडे येते. आप्पांचा मुलगा संपत माझ्याहून एका इयत्तेने पुढे. तो ओतूरला शाळेला जायचा आणि तिथे स्टँडमागे एका गाळ्यात व्हिडिओ गेमची दुकानदारी नवीनच सुरू झाली होती. मुलींनी तिथे जायचं नाही, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नाही, इतकं ते उघड होतं. त्यामुळे तो गेम मी बघितला तो संपतच्या तोंडातून. चौघेजण असतात, तो सांगायचा. एक शिपाई, एक जादूगार, एक धनुर्धारी आणि एक बाई असते, ती सगळ्यांना बरं करते. चौघांनी मिळून जायचं, जंगलातून, पुलावरून, राजवाड्यातून, आणि शेवटी गुहेत तो असतो. तो कोण? "लई मोठी पाल. पंख हायेत, आन् तोंडातनं जाळ." चौघांनी एकदम वार केला तरच तो मरतो, एकेकट्याने केला तर फुकट. हे सांगताना संपत ओसरीवर इतक्या उड्या मारायचा की शेणाचं सारवण उखडायचं. शेवट मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. पुलापर्यंत जाईतो त्याचे पैसे संपायचे. पुलाच्या पुढचं सगळं त्याने मला ओतूर ते डिंगोरे या रस्त्यात रचून सांगितलेलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

मला तो खेळ हवा होता. तेव्हा मी तो केला. टोमॅटोच्या लाकडी खोक्याची फळी घेतली, तिच्यावर खताच्या दुकानाच्या कॅलेंडरची मागची बाजू खळीने चिकटवली आणि रस्ता आखायला बसले. जंगल मला काढता येत होतं, म्हणजे ऊस. उसात मी एका घरात बिबट्या बसवला. त्या घरात पडलं की थेट घरी. संपत म्हणाला, "गेममधी बिबट्या नाय." मी म्हटलं, "मग ऊस कशाला म्हणालास?" तो म्हणाला, "जंगल म्हनालो." पण आमच्याकडे रानात शिरायचं आणि बिबट्याचं नाव नाही, हे त्यालाही पटेना, आणि बिबट्या राहिला. राजवाडा मी कधी पाहिला नव्हता. त्या वयापर्यंत पाहिलेली सगळ्यात भव्य इमारत म्हणजे सोसायटीचं खताचं गोडाऊन, त्यामुळे आमच्या राक्षसाच्या राजवाड्याला शटर होतं. गुहा लेण्याद्रीसारखी. आणि पंखांची पाल काढायला गेले ती घोरपड झाली. आईने चुलीपाशी बसून पाहिलं आणि म्हणाली, "घोरपडीला पोळ्या कशाला वाढल्यात?" ते पंख होते.

शिपायाला बाटलीचं बूच, जादूगाराला काचेची गोटी, धनुर्धाऱ्याला बाभळीचा काटा शेणाच्या गोळीत खोचून, आणि बरं करणाऱ्या बाईला माझ्या फ्रॉकचं लाल बटण. फाशाऐवजी चिंचोक्याच्या फोडी. आता खेळ म्हटला की पाळी आली, आणि पाळी कशी चालते हे मला एकाच ठिकाणी पाहून माहीत होतं. तेव्हा विहिरीचे नियम मी जसेच्या तसे फळीवर आणले. एखादा गडी वाळला, म्हणजे पडला, तर दुसऱ्याने आपली पाळी दिल्याशिवाय तो उठत नाही. देताना ज्याची पाळी त्याने स्वतः किल्ली त्याच्यापुढे ठेवायची. त्यासाठी आईच्या जुन्या ट्रंकेची एक किल्ली होती. आणि एक नियम मात्र माझा स्वतःचा: निरोप चालत नाही. कारण आम्ही दोघेच चार गडी खेळवायचो, आणि संपत "मघाशी तुझ्या बाईनं मला पाळी दिली, तुझं लक्ष नव्हतं" असं म्हणून सर्रास लबाडी करायचा. तो संपत आज एका पतसंस्थेचा संचालक आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

घोरपड मरत नव्हती. सगळी सुट्टी खेळून आम्ही एकदाही तिला मारू शकलो नाही, कारण चौघे एकत्र गुहेत पोचायचेच नाहीत; एखादा उसात, एखादा शटरखाली. खेळ मीच केला होता, त्यामुळे तो फार अवघड झाला आहे हे कबूल करायला मी तयार नव्हते. जूनपासून संपत जुन्नरला वसतिगृहात जाणार होता. त्याच्या आत घोरपड मारायची, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. घरातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात काय आहे याचा मला पत्ता नव्हता.

त्यांच्या डोक्यात टोमॅटो होता. दादांनी त्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या तुकड्यात टोमॅटो लावला होता, तारांवर चढलेला, हिरव्या फळांनी लगडलेला. त्यात आमच्या पाळीला डीपी जळाली आणि पाळी गेली. पुढची पाळी आली, तर विहिरीतला गाळ काढायचं ठरलं, कारण पाणी तळाला गेलं होतं आणि गाळ काढल्याशिवाय झरे मोकळे होणार नव्हते. गाळ काढणारी यारी, म्हणजे विहिरीवर उभी करायची ती लोखंडी घोडी आणि तिचं इंजिन, त्याच दिवसांत मोकळी होती. गाळ दोघांचा, पण पाळी एकट्या दादांची गेली; त्यांनी खुंटीवरची किल्ली उचललीच नाही, आणि आप्पांनी ती परत करगोट्याला बांधली. नंतरचे दोन दिवस आप्पांचे. तोपर्यंत मे महिन्याच्या उन्हात टोमॅटोने माना टाकल्या असत्या आणि फळ गळालं असतं. हे दादांना माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, मला वाटतं म्हशीलाही माहीत होतं. दादांनी मागायची खोटी होती. आई संध्याकाळी हळूच म्हणाली, "आप्पांना एकदा इचारून तरी बघा." दादा म्हणाले, "त्याला दिसत न्हाई का?" तिकडे, मोठी आई नंतर सांगायची, आप्पा म्हणत होते, "त्याला तोंड न्हाई का?"

गाळाच्या दिवशी दोन्ही चुलींवर मासवडी होती. कामाला आलेल्या माणसांना मासवडीचं जेवण घालायची आमच्याकडची रीत, आणि दोन्ही घरांनी आपापली वेगळी केली. सकाळपासून तीळ-खोबरं भाजल्याचा वास, पाट्यावर मसाला वाटायची घरघर, आणि बेसनाचं पीठ घोटताना आईचा दम लागलेला आवाज. मासवडी म्हणजे ओल्या फडक्यावर बेसन थापायचं, त्यात सारण भरायचं आणि माशासारखी गुंडाळी करून वड्या कापायच्या. फडकं ओढताना हात जरा चुकला की सगळं मुसळ केरात. मोठी आई मधेच येऊन आईची वडी चाखून गेली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय," आणि जाताना आपल्यासाठी चार वड्या उचलून नेल्या. आम्ही जेवण घेऊन विहिरीवर गेलो. जेवणं झाली आणि माणसं पुन्हा कामाला लागली तोच यारीचा वायररोप तटकन तुटला. सुदैवाने पाटी रिकामी होती. यारीवाला नवा रोप आणायला नारायणगावला गेला, आणि त्याचा भाऊ, विहिरीचे गडी, आप्पा, दादा, बाया, आम्ही सगळे आंब्याखाली नुसते बसलो. आप्पा बुंध्याच्या या अंगाला, दादा त्या अंगाला.

मी फळी आणली होतीच. मी आणि संपत मांडायला लागलो, तसं आप्पांनी बुंध्याला टेकल्या टेकल्या विचारलं, "काय हाय रे हे?" संपतने उड्या न मारता सांगितलं. आप्पा म्हणाले, "ही घोरपड व्हय? हिला पोळ्या..." मी म्हटलं, "पंख आहेत ते." "बरं बरं. बूच कुनाचं?" आणि त्यांनी बूच उचललं. मोठी आई पदर खोचून बसली आणि लाल बटण तिने घेतलं, "बरं करायचं ना, ते मीच जन्मभर करतीय." संपतकडे गोटी. काटा उरला. यारीवाल्याचा भाऊ म्हणाला, "दादा, तुमी घ्या की राव, बसून काय करताय." दादांनी काटा घेतला तो असा, की जणू कुणी पायातून काढून हातात दिला. मी झाले पंच आणि घोरपड, दोन्ही.

सुरुवातीला दोघे भाऊ आपापलं दान टाकून दुसरीकडे बघायचे. पण बूच उसात शिरलं आणि आप्पा सरसावून बसले. "बिबट्याचं घर टाळा, त्याच्या मागनं या," ते संपतला सांगायचे, आणि संपतच्या मागे दादांचा काटा असायचा. दादा तसंच खेळायचे. शटर उघडायला दोघांना एकदम पांढरी फोड पडायला हवी होती. ती पडली, तेव्हा आप्पांनी मांडीवर थाप मारली आणि दादांनीही मारली, आणि मग दोघांनीही आपापली मांडी अशी झटकली, जणू तिथे मुंगी होती. विहिरीचे गडी भोवती उकिडवे बसले. मला आजही आठवतं, मी पंच म्हणून गंभीर होते. चौघे गुहेच्या तोंडाशी होते. आजवर कधीच नव्हते. आणि तिथे दादांचा काटा वाळला.

"आता?" आप्पा ओरडले.

"कुणीतरी पाळी द्यायला पाहिजे," मी म्हटलं. "आणि आता पाळी तुमची आहे, आप्पा."

"दिली."

"अशी नाही. स्वतः त्याला द्यायची."

आप्पा माझ्याकडे वळले. "मग नंदे, सांग त्या धनुर्धाऱ्याला, दिली म्हनावं."

"निरोप चालत नाही, आप्पा. नियम आहे."

एक गडी खाकरला. बाकीच्यांनी खाकरायचं टाळलं. मोठी आई म्हणाली, "आता द्या की! का घोरपडीशी तुमची सोयरीक हाय?" आप्पांच्या मिशा हलायला लागल्या. ते म्हणाले, "किल्ली कुठाय ती? किल्ली ठेवायची म्हनला व्हता ना?" ट्रंकेची किल्ली शोधायला लागलो, तर ती नाही. संपत म्हणाला माझ्याकडे होती, मी म्हटलं त्याच्याकडे. गवतात शोधली, टोपलीत शोधली. आप्पांना दम निघेना. समोर घोरपड, हाताशी डाव, आणि ही पोरं गवत उपटतायत. त्यांनी करगोट्याला हात घातला, मोटरच्या पेटीची किल्ली सोडली आणि दादांच्या पुढ्यात फळीवर आपटली. "ही घे. किल्लीच ती." नजर काट्यावर होती, माणसावर नव्हती. पण मी पंच होते आणि मला पुरे होतं. काटा उठला.

आणि तेवढ्यात यारीवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. रोप आला होता. सगळे धोतरं-विजारी झटकत उठले, आप्पा इंजिनाकडे, दादा विहिरीकडे, मोठी आई भांड्यांकडे. मी ओरडत होते की एकच डाव, फक्त एक डाव राहिला. कुणी ऐकलं नाही. घोरपड फळीवर पंख पसरून पडली होती, माझ्याकडे बघत. किल्ली फळीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात राखुंडीने दात घासत होते. विहिरीकडून मोटरचा आवाज येत होता. झरे मोकळे झाले होते, रात्रीत पाणी चढलं होतं, आप्पांची पाळी. त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की आप्पा माझ्यासमोर ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, कान दिला, मग कमरेला हात लावला. करगोट्यावरून हात एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मग ते अनवाणीच निघाले. मी तोंडात राखुंडी तशीच घेऊन मागे. माझ्या मागे आई, तिच्या मागे मोठी आई, हातात पळी.

टोमॅटोच्या सऱ्या काळ्याभोर भिजत होत्या. दादा फावडं घेऊन पाटात उभे.

"माझ्या पाळीत मोटर कुनी चालू केली?" आप्पांनी विचारलं. जवळपास म्हैस नव्हती. दादांना विचारलं.

"मी केली. किल्ली माझ्याकडं हाय."

"ती खेळात दिली व्हती!"

"खेळात दिली, पर किल्ली पेटीची हाय. चार मान्सांदेखत पुढ्यात ठिवली. वहिनी व्हत्या. यारीवाला व्हता."

"यारीवाला नारायणगावला गेल्ता!"

"मग त्याचा भाऊ व्हता."

"तुला मागायला तोंड नव्हतं का?"

"तुला दिसत नव्हतं का?"

त्यानंतर जे झालं ते भांडण म्हणून फार देखणं होतं. साठवणीतलं होतं ना. गवत निघालं, बांध निघाला, म्हैस निघाली, आणि फिरून फिरून ते पेठच्या मांडवात येऊन पोचलं. आप्पा म्हणाले, "माईकवर तुझं नाव आधी घेतलं, तर तू उठलास! 'आधी थोरला' म्हनायला काय जीभ झडली व्हती?"

"म्हनलो व्हतो!" दादांनी फावडं आपटलं. "दोनदा म्हनलो! बँड चालू व्हता!"

पाण्याचा सळसळ आवाज येत राहिला. "म्हनला व्हतास?" आप्पांनी विचारलं. दादा फावड्याने पाटातली ढेकळं उगाच फोडत राहिले. आता आप्पांना परत कुठल्या वाटेने फिरायचं ते सुचेना, आणि त्यांना मी दिसले.

"ते ऱ्हाऊ दे. किल्लीचं बघू. नंदे, हिकडं ये. तुझ्या खेळात काय नियम हाय? दिलेली पाळी परत घेता येती का न्हाई?"

लोक म्हणतात की मी इथे हुशारी केली. माझ्या तोंडात राखुंडी होती. मी थुंकून घेतलं आणि जे होतं ते सांगितलं. "नाही. किल्ली ठेवली की परत मागायची नाही. पण फेडायची."

"कुठनं काढलास हा नियम?"

"तुम्हीच सांगितला होता. हितंच. कठड्यावर."

आप्पांनी कठड्याकडे पाहिलं, जणू तोच फितूर झाला. मग मोठ्या आईकडे पाहिलं, तर ती पळीने कपाळ खाजवत हसू दाबत होती. ते खाली वाकले, एका सरीचं तोंड मातीने भरत आलं होतं ते हाताने मोकळं केलं आणि म्हणाले, "मोटर बंद करू नको. अर्धा भिजला आन् अर्धा ऱ्हायला तर उपेग न्हाई. पुरं कर." चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "पर फेडायची."

"फेडीन की."

"कधी?"

"सांगतो."

टोमॅटो वाचला. मी पुढे एकदा दादांना विचारलं की खरंच तुम्हाला ती पाळी खरी वाटली होती का. ते म्हणाले, "टोमॅटोला काय सांगू, खेळातली व्हती म्हनून?" पाळी मात्र त्यांनी फेडली नाही. म्हणजे फेडायला ते नेहमी तयार असत, फक्त पाऊस लागल्यावर. आषाढात अंगणात गुडघाभर पाणी साचलं की ओसरीवरून हाक मारायचे, "आप्पा, आज फेडतो, घे पाळी!" आप्पा ओरडायचे, "आता काय मासं पाळू?" माझ्या लग्नात माईकवाल्याला संपतने दोन्ही नावं एका दमात घ्यायला बजावलं होतं, आणि बँड बंद ठेवून. तिथेही आप्पांनी अक्षता टाकता टाकता दादांना विचारलंच, "पाळीचं काय?" अबोला गेला आणि त्याच्या जागी हे एक वाक्य येऊन बसलं, जन्मभरासाठी. घोरपड मात्र तशीच राहिली. संपत वसतिगृहात गेला, आणि फळी पुढच्या हंगामात पुन्हा खोक्याला ठोकली गेली. नारायणगावच्या बाजारात कुठेतरी टोमॅटोखाली दबून ती गेली असेल, पंखांसकट.

आता दादा नाहीत. विहिरीवरची मोटर संपतचा मुलगा ओंकार पुण्यातून मोबाईलवर चालू करतो, पेटीला कुलूप नाही. आप्पा आहेत. कान गेलेत, दात गेलेत, पण करगोट्याला ती किल्ली आहे. यंदा उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते, तर ओंकार एक भलामोठा खोका घेऊन आला. पुण्यात असे खेळ मिळतात म्हणे, व्हिडिओ गेमवरून केलेले. आत रंगवलेले गडी, पत्ते, नकाशे, आणि नियमांचं पुस्तक आमच्या पोथीएवढं. ओंकार मला समजावून सांगायला लागला, "आत्या, यात एकमेकांना हरवायचं नसतं. चौघांची टीम असते. शेवटी ड्रॅगन. सगळे मिळून जिंकतात, नाहीतर सगळे मिळून हरतात." मी म्हटलं, "असं का? बरं." संपत माझ्याकडे बघून कपाळाला हात लावून बसला.

आप्पांना खाटेवरून उठवून मधे बसवलं. त्यांनी शिपाई घेतला. दुपारभर खेळलो, आणि शेवटी, व्हायचं तेच, ड्रॅगनच्या तोंडाशी आप्पांचा शिपाई पडला. ओंकार म्हणाला, "आत्या, तुझा टर्न तू त्यांना देऊ शकतेस. दिलास तर जिंकू." मला एकदम काय वाटलं कोण जाणे. मी आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हटलं, "आप्पा, माझी पाळी तुम्ही घ्या. दादांची फिटली म्हणायची."

त्यांनी समोरच्या पटाकडे पाहिलं. मग हात कमरेला गेला, किल्ली चाचपली आणि तिथेच राहिला.

"तू कोन देनार?" ते म्हणाले. "ज्यानं घेतली त्यानं द्यायची. निरोप चालत न्हाई. नियम हाय."

"पण आजोबा, मग आपण सगळेच हरू," ओंकार म्हणाला.

"हरू की," आप्पा म्हणाले. "घोरपड काय कुटं पळून चाल्लीय?"